बुशहरचे जुने अहवाल वाचायला बसताना
सुरुवात बुशहर रेसिडेन्सीच्या, म्हणजे इराणच्या आखातातल्या बुशहर बंदरावरच्या इंग्रज राजकीय प्रतिनिधीच्या (रेसिडेंटच्या) कचेरीच्या, वार्षिक अहवालांपासून कर. पण दर वेळी स्वतःला विचार, ही बातमी रेसिडेंट साहेबाला दिली कोणी? ठिकठिकाणचे स्थानिक एजंट बरेचदा व्यापारीच असत. जकात वाढली की झळ त्यांच्याच खिशाला. तिथला इराणी ‘गव्हर्नर जुलमी आहे’ असं दिसलं की आधी जकातीचा मजकूर शोध. इथे घाई करू नकोस. १९१५च्या कागदांतला रईस अली देलवारी (इंग्रजांशी लढलेला तिथला स्थानिक पुढारी) वाचताना, त्याच वर्षी इंग्रजांनी बुशहर ताब्यात घेतलं होतं हे विसरू नकोस. १८७३पर्यंत रेसिडेंट मुंबई सरकारच्या हाताखाली होता, म्हणून त्याआधीचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारातही धुंडाळ. आणि फारसी, कामापुरती का होईना, शीकच.