वाचक विचारतात : ऊन, चावा आणि वेदगंगेचा पूल

ताई, ‘ट्वायलाइट’ या कादंबऱ्यांमधले व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारी पिशाच्चं, उन्हात चमकतात. बाकीच्या पुस्तकांत जळून राख होतात. आमच्या वर्गात यावरून दोन तट पडलेत. खरा नियम कुठला?
– अकरावीची विद्यार्थिनी, निपाणी

अगं, १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत तर तिसराच नियम आहे. तिथला व्हॅम्पायर, काउंट ड्रॅक्युला, लंडनच्या रस्त्यावर दिवसाउजेडी दिसतो. उन्हानं तो मरत नाही, त्याची शक्ती तेवढी कमी होते. सूर्य उगवला की व्हॅम्पायर संपला, हे आलं १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटातून. म्हणजे तुमच्या वर्गातला ‘जुना’ तटही सिनेमाच्या काळातलाच.

शहापुरात आमच्या रविवारच्या वाचनकट्ट्यावर मुलं हेच भांडण घेऊन येतात. मी त्यांना वेताळ पंचविशी काढायला लावते. राजाला उत्तर माहीत असून तो गप्प राहिला, तर डोक्याची शकलं होणार. बोलला, तर वेताळ परत झाडावर. हा नियम काढून टाक, गोष्टच उरत नाही. नियम खरा की खोटा हे मी असं तपासते : तो पाळताना कुणाचं तरी काही जातं का?

‘ट्वायलाइट’च्या पहिल्या भागात फारसं जात नाही. ढगाळ फोर्क्स गावात राहायचं, ऊन पडलं की शाळा बुडवायची, एवढंच. शिवाय व्हॅम्पायर नायक एडवर्ड चमकतो तेव्हा नायिका बेला घाबरायच्या ऐवजी त्याच्या रूपावर भाळते. मला तो प्रसंग कच्चा वाटतो. पण दुसरा भाग ‘न्यू मून’ वाच. बेला मेली असं समजून एडवर्ड इटलीतल्या व्होल्टेरा गावाच्या चौकात भर दुपारी उन्हात पाऊल टाकायला निघतो, कारण माणसांसमोर उघडं पडणाऱ्याला व्हॅम्पायरांवर राज्य करणारे व्होल्टुरी जिवंत ठेवत नाहीत. तिथे त्याच चमकण्याला मरणाची धार येते. तुमच्यातल्या ‘चमकणाऱ्या’ तटानं पहिल्या भागावर भांडू नये, हा प्रसंग पुढे करावा.

चावलेला प्रत्येक माणूस व्हॅम्पायर झाला, तर जगात माणसं उरतील कशी?
– बारावी सायन्सचा विद्यार्थी, खानापूर

तुझी शंका रास्त आहे, आणि गणित तुझ्याच बाजूनं आहे. एका व्हॅम्पायरपासून सुरुवात धर, प्रत्येकानं महिन्याला एकालाच चावायचं. दर महिन्याला संख्या दुप्पट. तेहतिसाव्या महिन्याअखेर ती ८५९ कोटींवर जाते, आणि जगाची लोकसंख्या आहे ८०० कोटींच्या आसपास. तीन वर्षंसुद्धा लागत नाहीत.

म्हणून चांगला लेखक कुठेतरी अटकाव घालतोच. ‘ट्वायलाइट’मध्ये विष अंगात भिनून बदल व्हायला साधारण तीन दिवस लागतात आणि तोवर माणूस जिवंत राहावा लागतो, रक्त पिताना मध्येच थांबणं व्हॅम्पायरला फार जड जातं, त्यामुळे बहुतेक जण मरतातच. ‘ड्रॅक्युला’त काउंट कथेतल्या मीना नावाच्या बाईला चावतो, आपलं रक्तही पाजतो, तरी तो संपल्यावर ती सुटते. ज्या पुस्तकात असा अटकाव सापडणार नाही, तिथे लेखकानं हिशेबच केलेला नाही असं खुशाल म्हण.

नातीची पुस्तकं हल्ली मीही वाचतो. व्हॅम्पायर वाहतं पाणी ओलांडत नाही म्हणतात. मग कोल्हापूरकडून निघालेला व्हॅम्पायर यमगर्णीला वेदगंगेशी अडेल का?
– एक आजोबा, निपाणी

आजोबा, हा नियम ‘ड्रॅक्युला’तला. त्यात पूर्ण भरतीच्या किंवा पाणी थबकल्याच्या वेळीच त्याला पलीकडे जाता येतं. वेदगंगेला भरती-ओहोटी नाही, तेव्हा स्वतःच्या बळावर तो पूल ओलांडू शकणार नाही. मात्र दुसऱ्या कुणी नेलं तर तो जातो. इंग्लंडलाही तो मातीच्या पेट्यांबरोबर जहाजातूनच पोचला. म्हणजे पेटी ट्रकमध्ये चढवणारा माणूस मिळाला, तर आपल्या हायवेनं तो निपाणीत येईल. घरात शिरायला मात्र घरातल्याच कुणीतरी पहिल्यांदा ‘या’ म्हणावं लागतं, आणि एकदा म्हटलं की पुढे त्याला विचारावं लागत नाही. नातीला हे दोन्ही नियम एकत्र सांगा.