घरात एकच ड्रॉप सगळ्यांना चालेल का?

प्रश्न : आमच्या वाडीत पावसात डोळ्यांची साथ आलीय. मुलाचे दोन्ही डोळे लाल झाले, पिवळी चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. फ्रिजमध्ये गेल्या वर्षीची ड्रॉपची बाटली होती ती घातली, मिस्टरांनाही तीच घातली, त्यांच्या डोळ्यातून नुसतं पाणी येतं. आता सासूबाईंना बेणणी करताना (तण काढताना) भाताचं पातं डोळ्याला लागलंय, दुखतंय, उजेड सहन होत नाही. त्यांनाही तीच घालू का?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : नको ताई, अजिबात नको. सासूबाईंना आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, चिपळूणला नाहीतर रत्नागिरीला, शेतातलं काम असलं तरी उद्यावर टाकू नका. पात्याने बुबुळावर ओरखडा उठतो आणि त्यातून बुरशी आत शिरू शकते, मग तिथे अल्सर म्हणजे जखम होते, पांढरा ठिपका दिसायला लागतो, नजर जाऊ शकते. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, बुरशीवर नाही, तिच्यासाठी नॅटामायसिनसारखं वेगळं औषध असतं आणि ते तपासूनच देतात.

आता ती बाटली हातात घ्या आणि नावं वाचा. नुसतं मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा टोब्रामायसिन असेल तर ते अँटिबायोटिक, पण सोबत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. मला जास्त भीती याचीच वाटते, कारण स्टेरॉइडने लाली पटकन उतरते, घरच्यांना वाटतं गुण आला, आणि बुरशी किंवा हर्पीस नावाचा व्हायरस असेल तर संसर्ग आतल्या आत वाढत जातो. जास्त दिवस घातलं तर डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदूही होऊ शकतो. तसंही एकदा उघडलेली बाटली साधारण महिनाभरच वापरायची, तुमची फेकूनच द्या.

मिस्टरांचं बहुतेक व्हायरसचं आहे, साथीत तेच जास्त असतं, त्याला अँटिबायोटिकचा उपयोग नाही, गार पाण्याच्या घड्या ठेवा, आठवडा-दोन आठवड्यात जाईल. दुखायला लागलं किंवा अंधुक दिसलं तर मात्र त्यांनीही दाखवायचं.

मुलाला पिवळा घट्ट स्राव आहे म्हणजे बॅक्टेरियाचं असण्याची शक्यता जास्त, त्याला दाखवून नवीन ड्रॉप घ्या, फक्त त्याच्यासाठी. आधी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून चिपडं पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. खालची पापणी ओढून एकच थेंब, जास्त टाकले तर गालावरच ओघळतात, डोळ्यात तेवढी जागाच नसते. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. दुसरा ड्रॉप असेल तर मध्ये पाच मिनिटं थांबा. दोन दिवसांत डोळा साफ दिसला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा, आणि तोवर त्याचा टॉवेल, उशी वेगळी ठेवा, पावसात कपडे नीट वाळत नाहीत तर त्याचे अभ्रे इस्त्री करून घ्या.