कपाटात ठेवलेली वही

हिंगोली जिल्ह्यातील एक पालक लिहितात : "माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे. दहावीला तिला ९१ टक्के होते, पण पहिल्या घटक चाचणीत भौतिकशास्त्रात ५० पैकी २२ गुण मिळाले. आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होणार आहे, क्वांटम संगणक येऊ घातले आहेत, चंद्रावर आपण उतरलो आहोत. तिने फिजिक्समध्ये बी.एस्सी. करून इस्रोत शास्त्रज्ञ व्हावे किंवा लायगोत संशोधन करावे, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी कोणत्या परीक्षा द्याव्या लागतात? ती मात्र रिकाम्या वेळात तिच्या काकांच्या मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे विजेच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळण्याच्या, दुकानात जाऊन बसते. तिथल्या तिच्या वहीत गृहपाठाऐवजी जळालेल्या कॉइलच्या वेढ्यांचे आकडे भरलेले असतात. ती वही मी सध्या कपाटात ठेवली आहे. ही सवय कशी मोडावी? येत्या वीस वर्षांत भौतिकशास्त्र सारे जग बदलणार आहे आणि माझी मुलगी त्यात नसेल, तर मी बाप म्हणून कमी पडलो असे मला वाटेल."

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. त्यातील २२ गुणांची मला काळजी वाटली नाही. दहावीच्या विज्ञानातून अकरावीच्या भौतिकशास्त्रात येताना सदिश आणि कलनाचे गणित एकदम अंगावर येते आणि पहिल्या चाचणीत चांगली चांगली मुले अडखळतात. मला काळजी वाटली ती आपल्या शेवटच्या वाक्याची. सतरा वर्षांच्या मुलीने काय शिकावे, यावर तिच्या वडिलांचे यशापयश ठरणार असेल, तर भौतिकशास्त्राचा प्रत्येक पेपर ती स्वतःसाठी आणि तुमच्यासाठी असा दोनदा देत असणार. असे ओझे घेऊन बसलेल्या मुलाला साधी घर्षणाची उदाहरणेही सुटत नाहीत, हे मी सल्ला देण्याच्या या कामात वारंवार पाहिले आहे.

आपल्या उत्साहाविषयी माझी तक्रार नाही. तो मला मनापासून पटतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून गेली, तेव्हा अमेरिकेतील लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांच्या लांबीत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान होता, आणि तो माणसाने मोजला. ती लहर १३० कोटी वर्षे प्रवास करून आली होती. या विद्येची पुढची वेधशाळा आपल्या जिल्ह्यात व्हावी, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. मात्र याच कहाणीतला दुसरा भाग आपल्या पत्रात नाही. आइन्स्टाइन यांनी या लहरींचे भाकीत १९१६ मध्ये केले. लायगोच्या पहिल्या यंत्रणेने २००२ ते २०१० या काळात निरीक्षणे घेतली आणि तिला एकही लहर सापडली नाही. त्या वर्षांत कित्येकांनी आपले तारुण्य या यंत्रातील गोंगाट, म्हणजे खऱ्या लहरीला झाकणारी इतर कंपने, कमी करण्यात घातले. लायगो-इंडियालाही तत्त्वतः मंजुरी २०१६ मध्ये मिळाली आणि अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. अशा क्षेत्रात माणूस टिकतो तो त्या प्रश्नाची ओढ त्याला स्वतःला असते म्हणून. वडिलांची ओढ कितीही खरी असली, तरी तिच्या बळावर दहा वर्षे रिकाम्या हाताने प्रयोगशाळेत जाता येत नाही.

आता एक गैरसमज दूर करतो, कारण तो केवळ आपला नाही. इस्रो म्हणजे भौतिकशास्त्राचे शिखर, असे आपल्याकडे घरोघरी मानले जाते. प्रत्यक्षात इस्रो ही प्रामुख्याने अभियांत्रिकी करणारी संस्था आहे. तिथे 'शास्त्रज्ञ/अभियंता' म्हणून होणारी भरती बहुतांशी मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक शाखांच्या अभियंत्यांची असते, आणि त्यांच्या जोडीला डिप्लोमा झालेले तांत्रिक सहायक व आयटीआय झालेले तंत्रज्ञही घेतले जातात. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा लँडर कोसळल्यानंतर चांद्रयान-३ साठी काय बदलले, ते पाहा : इंजिने पाचावरून चारवर आणली, पाय अधिक मजबूत केले, वेग मोजणारे लेसरचे उपकरण नव्याने बसवले, संगणकीय आज्ञावली सुधारली. चंद्रावर उतरण्याची २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ या कामांतून आली. विश्वाविषयीचे मूलभूत संशोधन करायचे असेल, तर पुण्यातील आयुका आणि एनसीआरए, मुंबईतील टीआयएफआर, अहमदाबादची पीआरएल या संशोधन संस्था आहेत आणि तिथला रस्ता पीएच.डी.वरून जातो. म्हणजे 'बी.एस्सी. फिजिक्स करून इस्रो' हा जो सरळ मार्ग आपण तिच्यासाठी आखला आहे, त्या मार्गाने फारच थोडे जण इस्रोत पोहोचतात.

परीक्षांविषयी विचारले आहे म्हणून एवढेच सांगतो : आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांसाठी आयएटी, भुवनेश्वरच्या नायसर या तशाच संस्थेसाठी नेस्ट, तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ तंत्रज्ञान संस्थेसाठी जेईई ॲडव्हान्स्ड आणि राज्यातील अभियांत्रिकीसाठी सीईटी. हा निर्णय आज घेण्याची गरज नाही.

मला अधिक बोलायचे आहे ते त्या वहीविषयी. तिच्यात गृहपाठाऐवजी 'जळालेल्या कॉइलच्या वेढ्यांचे आकडे' भरलेले असतात, असे आपण तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. जळालेली मोटार उघडल्यावर जुनी तार काढताना प्रत्येक कॉइलचे वेढे मोजावे लागतात, तारेची जाडी मोजावी लागते, कोणती कॉइल कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत गेली आहे याची आकृती काढावी लागते. नव्या कॉइलचे वेढे चुकले, तर मोटार पुन्हा तापते आणि शेतकरी दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. सतरा वर्षांची मुलगी हे सारे मोजून नोंदवून ठेवते आहे, तेही कोणी न सांगता. बारावीच्या पुस्तकात विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे प्रकरण येईल, तेव्हा ते तिच्या हातांना आधीच ओळखीचे असेल. ही सवय मोडण्याचा उपाय मी सांगणार नाही. वही आजच कपाटातून काढून तिला परत द्यावी, आणि देताना त्यातील एखाद्या पानाचा अर्थ तिला विचारावा.

लायगोचे चाळीस किलोचे आरसे ज्या काचेच्या धाग्यांवर टांगले आहेत, ते जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीचे आहेत. काचेची कांडी लेसरने तापवून असे धागे ओढण्याचे तंत्र ग्लासगो विद्यापीठातील लोकांनी वर्षानुवर्षे खपून बसवले. सीमेवरचे भौतिकशास्त्र अशा हातांवरही उभे असते. परंतु हे वाचून 'मग वाइंडिंग करत करत ती लायगोतच जाईल' असा नवा आराखडा कृपया आखू नका. ती विद्युत अभियंता होईल, डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाईल, काकांचे दुकान मोठे करील किंवा खरोखरच एखाद्या प्रयोगशाळेत रमेल. यातले काय, ते तिला ठरवू द्या आणि ठरवायला वेळ द्या. तिला मला लिहावेसे वाटले तर तिने स्वतः लिहावे. ते पत्र आपण आधी वाचू नये, ही विनंती.

राहिला आपला उत्साह. तो वाया जाऊ नये, असे मला फार वाटते. लायगोच्या नोंदींमधील गोंगाटाच्या आकृत्या ओळखून त्यांचे वर्गीकरण करण्याचे काम 'ग्रॅव्हिटी स्पाय' या प्रकल्पाने २०१६ पासून सामान्य नागरिकांसाठी खुले केले. त्याला पदवी लागत नाही. संगणक, इंटरनेट आणि चिकाटी पुरते. आपण ज्या तन्मयतेने या लहरींविषयी लिहिले आहे, त्यावरून हे काम आपल्याला जमेल याची मला खात्री वाटते. शिवाय २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण लोकांना पाहता येते. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या त्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी एखादी वळताना आपण जवळून पाहावी. मुलीला येतेस का म्हणून विचारा. ती नको म्हणाली, तर एकटे जा.