न भरलेलं संमतीपत्र

कोविडच्या साथीच्या तिसऱ्या वर्षी, २०२२ मध्ये, शाळेत पुन्हा एचपीव्हीचं, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारं लसीकरण सुरू झालं. पालकांकडे संमतीपत्रं गेली. तेरा वर्षांच्या एका मुलीचं पत्र मात्र दोनदा स्मरण देऊनही आलं नाही, म्हणून तिच्या आईला माझ्याकडे पाठवलं. "लसविरोधी दिसतात," असं मला आधीच सांगण्यात आलं होतं. मला हा शब्द आवडत नाही. त्या शिक्क्यापुढे माणूस बोलायचंच थांबतो.

त्या म्हणाल्या, "मॅडम, दोन वर्षं जिला गर्दीपासून जपलं, तिला आता सुईसाठी गर्दीत पाठवू?"

प्रश्न रास्तच होता. सिस्टरांनी आखलेली व्यवस्था मी सांगितली: एका वेळी एकच तुकडी, उघड्या खिडक्यांचा वर्ग, मास्क, ताप असेल त्या मुलाला त्या दिवशी लस नाही. लस घेतल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, कारण या वयात सुईनंतर काहींना भोवळ येते. तिथेही मुलं अंतरावर बसणार होती. त्यांनी मान हलवली, पण पेन उचललं नाही.

इथे मी घाई केली असती तर चुकलंच असतं. मी विचारलं, "ताई, आणखी काय सलतंय?"

बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "एचपीव्हीचा पहिला डोस २०२० च्या सुरुवातीला झाला. दुसरा सहा महिन्यांनी होता. शाळा बंद. दवाखान्यात न्यायला हवं होतं, मी नेलं नाही. आता पहिला वाया गेला ना? सगळं परत करावं लागेल, आणि सिस्टर विचारतील, इतके दिवस काय करत होतात?"

म्हणजे अडसर लसीचा नव्हता, अपराधी वाटण्याचा होता. माझ्याकडे येणाऱ्या अनेक पालकांचं हेच असतं. मी स्पष्ट सांगितलं: डोस लांबला म्हणून आधीचा वाया जात नाही, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबलो तिथून पुढे. आणि चुकलेल्या त्या एकट्या नाहीत. २०२१ या एकाच वर्षात जगभरात सुमारे २.५ कोटी बालकांना घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा किमान एक डोस मिळाला नव्हता.

"तिला मध्ये कोविड होऊन गेलाय, चालेल?" पूर्ण बरी असेल तर चालेल, म्हटलं, तरी सिस्टरांना आठवणीनं सांगा.

त्यांनी सही केली. उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन पर्समधून दुसरं, घडी पडलेलं कार्ड काढलं. "धाकट्याचा गोवराचा दुसरा डोसही राहिलाय."

गोवराच्या बाबतीत मी थांबू देत नाही. लस न घेतलेली दहा मुलं रुग्णाच्या जवळ आली, तर त्यातल्या नऊ जणांपर्यंत तो पोचू शकतो. कार्ड घेऊन आम्ही दोघी तशाच सिस्टरांच्या खोलीकडे निघालो.