वर्गातल्या गैरवर्तनाबद्दल अंतर्गत गुण कापता येतात का?

प्रश्न : मी एका संलग्न महाविद्यालयात द्वितीय वर्षाला शिकवते. एक विद्यार्थी तास चालू असताना मोबाइलवर व्हिडिओ लावतो, मध्येच बोलतो, हटकलं की आवाज चढवतो. सत्राच्या मध्यावर मी वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर नियम टाकला, ‘गैरवर्तन केल्यास अंतर्गत मूल्यमापनाचे ५ गुण कापले जातील’, आणि पुढे त्याचे गुण कापले. त्याने विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज केला आहे. प्राचार्यांनी माझ्याकडे तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला आहे. काय करू?

उत्तर : गुणकपात टिकणार नाही. त्या विद्यार्थ्याच्या वागण्याबद्दलची तुमची तक्रार मात्र टिकू शकते. खुलाशात या दोन गोष्टी एकमेकींत गुंतवल्यात, तर पहिलीबरोबर दुसरीही बुडेल. म्हणून त्या आधी वेगळ्या करा.

अंतर्गत गुण कशासाठी द्यायचे, हे विद्यापीठाची मूल्यमापन योजना ठरवते. शिक्षकाचा वर्गनियम तिच्या खालचा आहे. योजनेत चाचणी, प्रकल्प, सादरीकरण एवढंच असेल, तर वर्तनासाठी गुण कापण्याचा अधिकार तुम्हालाच काय, प्राचार्यांनाही नाही. ‘वर्गातील सहभाग’ असा घटक असला तरी त्याचे निकष सत्राच्या सुरुवातीला सांगितलेले आणि सगळ्यांना सारखेच लावलेले असावे लागतात. तुमचा नियम सत्राच्या मध्यावर आला. त्याआधीच्या प्रसंगांना तो लावला असेल, तर बाजू आणखी कमकुवत होते.

शिवाय कपातीआधी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं होतं का? बोर्ड ऑफ हायस्कूल विरुद्ध घनश्याम दास गुप्ता (१९६२) या खटल्यात परीक्षेतल्या गैरप्रकाराचा ठपका असलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल त्यांना न ऐकता रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई टिकू दिली नाही. पण ऐकून घेणं म्हणजे कोर्टासारखी उलटतपासणी नव्हे. हिरानाथ मिश्रा प्रकरणात (१९७३) विद्यार्थिनींचे जबाब आरोपित मुलांच्या अनुपस्थितीत घेतले होते. मुलांना आरोप कळवून उत्तराची संधी दिली होती, तेवढं त्या परिस्थितीत न्यायालयाला पुरेसं वाटलं. आरोप लेखी कळवणे, उत्तराला वेळ देणे आणि निर्णय तक्रारदाराने स्वतः न घेणे, या तीन गोष्टी सांभाळा.

आता खुलासा. गुण अजून विद्यापीठाकडे गेले नसतील तर दुरुस्त पत्रक आजच द्या. गेले असतील तर प्राचार्यांमार्फत परीक्षा विभागाला दुरुस्तीचं पत्र पाठवण्याची विनंती करा. खुलाशात दोन ओळींत सरळ लिहा की कपात वर्तनामुळे झाली होती, मूल्यमापन योजनेत तिला आधार नसल्याने ती मागे घेत आहे. सबबी नकोत. उत्तरपत्रिका किंवा प्रकल्प नव्याने तपासून ‘तेवढेच गुण बसतात’ असं दाखवण्याचा मोह तर मुळीच नको. त्यातून आकसाचा आरोप पक्का होतो. समितीने तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विनियम सांगतात. त्यावर तो विद्यार्थी लोकपालाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरची अपिलं ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अपील करू शकतो. चूक दुरुस्त झाली असेल, तर प्रकरण तिथवर जाण्याचं कारण सहसा उरत नाही.

वर्तनाची तक्रार स्वतंत्र अर्जाने शिस्तपालन समितीसाठी प्राचार्यांकडे द्या आणि पोच घ्या. इथे विशेषणांचा उपयोग नाही. ‘उद्धट आहे’ हा पुरावा होत नाही. तारीख, तासाची वेळ, त्याने उच्चारलेले नेमके शब्द, तुम्ही काय सांगितलंत, तास किती मिनिटं थांबला, कोण हजर होतं, एवढं लिहा. टिपण त्याच दिवशी केलेलं असेल तर त्याला वजन येतं. जुने प्रसंग आता आठवून लिहीत असाल तर तसं नमूद करा, मागची तारीख घालू नका. इतर विद्यार्थ्यांकडून सह्या गोळा करू नका. साक्षी घेणं समितीचं काम आहे.

पुढच्या सत्राची नियमावली पहिल्याच तासाला छापून द्या, मिळाल्याच्या सह्या घ्या आणि विभागप्रमुखांची मान्यता आधी मिळवा. ‘शिस्त पाळावी’ असलं मोघम वाक्य कामाचं नाही. ‘तासाला मोबाइल बंद आणि दप्तरात राहील’ असं लिहा, म्हणजे नियम मोडला की नाही यावर वाद होत नाही. पायऱ्या ठरवा: पहिल्यांदा तोंडी समज, दुसऱ्यांदा लेखी सूचना, तिसऱ्यांदा प्राचार्यांकडे अहवाल. तास चालूच देत नसेल तर उरलेल्या वेळेपुरतं बाहेर जायला सांगण्याची तरतूद ठेवा. हजेरीचं काय होईल तेही तिथेच लिहा, कारण भांडण बहुधा हजेरीवरूनच होतं. कायम वर्गबंदी, निलंबन, दंड हे तुमच्या हातातले विषय नाहीत. मोबाइल काढून घेऊन दिवसभर ठेवू नका. हरवला किंवा फुटला तर जबाबदारी तुमच्यावर येईल.

वागण्यामागे अपंगत्व किंवा मानसिक आजार असल्याचं कळलं, तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या वाजवी सोयींचा विचार आधी करावा लागतो. लैंगिक शेरेबाजी असेल तर वर्गनियम बाजूला ठेवून तीन महिन्यांच्या आत महाविद्यालयाच्या लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करा. आणि त्याने धमकी दिली असेल तर शिस्तपालन समितीची वाट पाहू नका. प्राचार्यांना लेखी कळवून पोलिसांत तक्रार द्या. गुन्हेगारी धमकी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली येते. धमकीचा संदेश फोनवर असेल तर फक्त स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ संदेश आणि तो फोन दोन्ही जपून ठेवा.