मोंबासा की लागोस? आधी विचारा, प्लांट वर्षात किती दिवस चालतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये (द्रावक वापरून तेल काढतात तो) आणि रिफायनरीत आठ वर्षं झाली, आता शिफ्ट इन्चार्ज आहात. समोर दोन संधी आहेत. एक केनियातल्या मोंबासाच्या खाद्यतेल रिफायनरीची, 'रोज 600 टन' क्षमतेची. दुसरी नायजेरियात लागोसजवळच्या कच्च्या तेलाच्या मोठ्या रिफायनरीत, युटिलिटीमध्ये (प्लांटला वाफ, पाणी, वीज पुरवणारा विभाग), पण कंत्राटदारामार्फत. बायको आणि चार वर्षांची मुलगी बरोबर न्यायची आहे. कुठे जावं?

मी जळगावचा, सरकीच्या तेलात वाढलेला. 2012 पासून मोंबासात पाम तेलाच्या रिफायनरीत आहे. लागोसला कधी कामाला गेलो नाही. तिथे दोन जुने सहकारी आहेत, त्यामुळे तिकडच्या राहणीमानाबद्दल लिहितोय ते ऐकीव समजा.

कामावर जाताना मला रोज चांगाम्वेची जुनी कच्च्या तेलाची रिफायनरी लागते. 1963 साली सुरू झालेली. 2009 मध्ये आपल्या एस्सारने तिच्यात निम्मा हिस्सा घेतला होता. मी आलो तेव्हा ती चालू होती, रात्री फ्लेअर (जादा वायू जाळणारी ज्योत) दिसायचा. सप्टेंबर 2013 मध्ये शुद्धीकरण थांबलं ते थांबलंच. प्लांट जुन्या पद्धतीचा, क्रॅकर (जड तेल फोडून हलकं करणारं युनिट) नाही, त्यामुळे जड तेल खूप उरायचं. त्यापेक्षा बाहेरून तयार पेट्रोल-डिझेल आणलेलं स्वस्त पडायला लागलं. आता टाक्या तेवढ्या साठवणुकीला वापरतात. कागदावर मात्र ती कितीतरी वर्षं 'पूर्व आफ्रिकेतली रिफायनरी' म्हणून मिरवत होती.

अशी ती एकटी नाही. दार-एस-सलामची रिफायनरी तर तिच्याही आधी बंद पडून टाक्यांचं आगार झाली. झांबियात एन्डोलाच्या रिफायनरीला दारहून 1,710 किलोमीटरच्या पाइपलाइनने तेल जायचं, आता त्याच पाइपातून तयार डिझेल जातं. दरबानची 1,80,000 बॅरलची सॅप्रेफ 2022 मध्ये थांबली. नायजेरियाच्या सरकारी चार रिफायनऱ्यांची क्षमता मिळून दिवसाला 4,45,000 बॅरल, आणि देश कित्येक वर्षं पेट्रोल आयात करत राहिला. म्हणून इथे पाटीवरची क्षमता हे दाखवायचे दात समजायचे.

लागोसचं प्रकरण याला अपवाद आहे, हे कबूल. लेक्कीची डांगोटे रिफायनरी दिवसाला 6,50,000 बॅरलची, म्हणजे सुमारे दहा कोटी लिटर, आणि तेही एकाच ट्रेनमध्ये, म्हणजे शुद्धीकरणाच्या एकाच सलग साखळीत. उद्घाटन मे 2023 मध्ये झालं, डिझेल जानेवारी 2024 मध्ये आणि पेट्रोल त्याच सप्टेंबरात निघालं. सल्लागार आपली इंजिनियर्स इंडिया होती. बांधकामापासून तिथे भारतीय भरपूर, जामनगरच्या रिफायनरीचा अनुभव असलेले तर हवेच असतात. गंमत म्हणजे तेलाच्या देशात उभी असूनही तिला अमेरिकेतून कच्चं तेल आणावं लागलं आहे. पण तुम्ही तिथे युटिलिटीत जाणार, कंत्राटदाराच्या पगारावर. आठ वर्षं एफएफए (तेलातलं मोकळं फॅटी अ‍ॅसिड) आणि साबणाचा हिशेब केलेल्या माणसाने बॉयलर फीड वॉटर सांभाळायला इतक्या लांब जावं, हे मला पटत नाही. माझे सहकारी कॅम्पात राहतात, कुटुंबं गावी आहेत. शिवाय तिकडे पगाराचा कुठलाही भाग नायरामध्ये घेऊ नका. जून 2023 ला एका डॉलरला साडेचारशेच्या आसपास असलेला नायरा वर्षभरात चौदाशे-पंधराशेपर्यंत घसरला. डॉलर आणि थेट भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात, हे करारात लिहून घ्यायचं.

आता मोंबासा. केनियात तेलबिया थोड्या पिकतात, पण खाण्याचं बहुतेक तेल पाम, मलेशिया-इंडोनेशियातून येणारं. जकातीची रचना आपल्यासारखीच आहे. कच्च्या तेलावर कमी, रिफाइंडवर जास्त. म्हणून रिफायनऱ्या इथे तग धरून आहेत: मोंबासात, नैरोबीच्या आसपास, थिकाला, नाकुरूला. डिओडोरायझरवरून (तेलाचा वास काढणारं यंत्र) निघणारं फॅटी अ‍ॅसिड डिस्टिलेट शेजारच्याच शेडमध्ये साबणाला जातं. इथे कपडे धुण्याच्या साबणाच्या लांब वड्यांवर कंपन्या जगतात. तेलात नफा नसला तरी साबणात असतो.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की सोया आणि पाम हे वेगळे संसार आहेत. लातूरला तुम्ही डीगमिंग करता (तेलातला चिकट डिंक काढता), कॉस्टिक मारून न्यूट्रल करता, सोपस्टॉक (साबणाचा गाळ) काढता. इथे फिजिकल रिफायनिंग. कॉस्टिक नाही, आम्ल, ब्लिचिंग अर्थ (रंग शोषणारी माती), आणि मग 250-260 अंशांवर व्हॅक्यूममध्ये एफएफए उडवायचं. त्यानंतर फ्रॅक्शनेशन. क्रिस्टलायझरमध्ये तेल हळूहळू थंड करून फिल्टर प्रेसवर ओलिन (पातळ भाग) आणि स्टिअरिन (घट्ट भाग) वेगळं करायचं. हे सोयावाल्यांना येत नाही, आणि मुलाखतीत नेमकं तेच विचारतात. मोंबासाच्या उकाड्यात पातळ दिसणारं ओलिन जुलैमध्ये नैरोबीला पोचलं की थिजतं. समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरवरची ती थंडी. दुकानदार म्हणतो, यात भेसळ आहे. दर जुलैला हा फोन येतो. निघण्याआधी महिनाभर कांडला किंवा मुंद्राकडच्या पाम प्लांटमध्ये ओळखीने उभे राहा, फुकट राहावं लागलं तरी चालेल.

यंत्रांची भीती नको, ती ओळखीचीच निघतील. आमच्याकडे बॉयलर चिंचवडचा, सेपरेटर दापोडीचा, स्टीम ट्रॅपवरही पुण्याचंच नाव. टांझानियात सूर्यफुलाच्या गिरण्यांतून लुधियानाचे एक्स्पेलर दिसतात. प्रश्न यंत्राचा नाही, सुट्या भागाचा असतो. एका पंपाचा मेकॅनिकल सील (गळती रोखणारा भाग) बंदरावर कागदपत्रांत अडकून आमचा प्लांट 11 दिवस अर्ध्या क्षमतेवर चालला होता. सील मुठीत मावेल एवढा. तेव्हापासून गावी गेलो की माझ्या बॅगेत लाडवांच्या डब्याखाली सील आणि ओ-रिंगा असतात.

आणि वीज. ऑगस्ट 2023 मध्ये अख्ख्या केनियाची वीज गेली, त्या रात्री मी शिफ्टवर होतो. डिओडोरायझरमध्ये 255 अंशांचं तेल, कूलिंग टॉवरचा पंप बंद, व्हॅक्यूम उतरायला लागलेला. त्या तापमानाला हवा शिरली की तेल गेलंच. जनरेटरने घ्यायला चार मिनिटं लावली. तेवढ्यात आमच्या म्हाताऱ्या फुंडीने (इथे मिस्त्रीला फुंडी म्हणतात) टॉर्च तोंडात धरून व्हॅक्यूम लाइनचा व्हॉल्व्ह हाताने आवळला आणि नायट्रोजन सोडला. मी तोंड उघडायच्या आत. सकाळी लोव्हिबाँडवर (तेलाचा रंग मोजायचं यंत्र) लाल रंग 3 च्या आत हवा होता तिथे 4.8 आला. तीस टन तेल परत ब्लिचरला गेलं, पण प्लांट वाचला. आल्यावर स्वाहिली शिका ती अशा माणसांसाठी. साहेबी करणारे भारतीय इन्चार्ज सहा महिन्यांत एकटे पडतात.

कागदपत्रं. केनियात नोकरीला क्लास डी परमिट लागतं आणि ते कंपनी काढते. 'ईटीए काढून या, परमिट नंतर बघू' असं कोणी म्हणालं तर येऊ नका. ईटीए (प्रवासाची ऑनलाइन परवानगी) पाहुण्यांसाठी आहे, त्यावर काम करताना सापडलात तर भोगावं तुम्हाला लागेल. बायकोला डिपेंडंट पास मिळतो, त्यावर तिला नोकरी करता येत नाही. हे तिला आजच सांगा, इथे आल्यावर नाही. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या दहा दिवस आधी घ्या. ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा, परत येताना भारतातच ते विचारतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवतात.

मुलीच्या शाळेची फी पगारात धरू नका, कंपनीकडून वेगळी मागा. मोंबासात मराठी घरं थोडी, गुजराती उदंड. महाराष्ट्र मंडळ नैरोबीला आहे. ज्वारीचं पीठ 'म्तामा' म्हणून मिळतं, भाकरीची चिंता नाही.

माझं मत मोंबासाकडे, पण एका अटीवर. त्यांना पत्र लिहून विचारा की 600 टनांच्या प्लांटने मागच्या वर्षी किती दिवस तेल काढलं आणि सरासरी रोज किती. जहाज वेळेवर आलं नाही तर प्लांट उभा राहतो. 2022 च्या एप्रिल-मेमध्ये इंडोनेशियाने निर्यात थांबवली तेव्हा इथे सगळ्यांच्याच टाक्यांचे तळ दिसले होते. म्हणून हेही विचारा की कच्च्या तेलाची साठवण किती दिवसांची, आणि प्लांट बंद असताना पगार पूर्ण मिळतो का. 250 दिवसांच्या पुढे आकडा सांगितला आणि लॉगशीटचं (रोजच्या नोंदींचं) एखादं पान दाखवायला तयार झाले, तर मुलाखतीला बसा. पान आलं की मला पाठवा, एफएफएच्या रकान्यावरून कंपनी कसलं कच्चं पाम तेल घेते ते मी सांगतो.