व्हायवॅक्स, सीआरपी ११२, प्लेटलेट ५८ हजार: भावाच्या रिपोर्टबद्दल

तुमच्या भावाला व्हायवॅक्स (मलेरियाचा एक प्रकार) झालाय आणि तुमचे प्रश्न तीन: सीआरपी (शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) एवढा म्हणजे दुसराही जंतुसंसर्ग आहे का, प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस द्यावा का, आणि खात्रीसाठी मलेरियाची अँटीबॉडी टेस्ट करावी का. मी डॉक्टर नाही. वीसेक वर्षं लॅबमध्ये स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) बघतोय, तेवढ्यावर सांगतो.

आधी सीआरपी. व्हायवॅक्समध्ये साधारण ४८ तासांनी परजीवींनी भरलेल्या तांबड्या पेशी फुटतात आणि आतला सगळा गाळ रक्तात सांडतो. त्यावर पांढऱ्या पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं सोडतात. हुडहुडी भरते ती त्यांच्यामुळे, आणि इंटरल्यूकिन-६ मुळेच यकृत सीआरपी बनवायला लागतं. त्यामुळे नुसत्या मलेरियातही तो शंभरावर जातो. बॅक्टेरियाचा संशय आला की बघतात ते प्रोकॅल्सिटोनिनसुद्धा वाढतं. तेव्हा या आकड्यावरून बॅक्टेरिया आहेत असं म्हणता येत नाही. अँटीबायोटिक दिलं नाही म्हणून डॉक्टरांवर रागावू नका.

गांबियातल्या मुलांमध्ये टीएनएफ जितका जास्त तितका आजार गंभीर, हे १९९० साली दिसलं होतं. मग तोच दाबून बघितला. टीएनएफविरोधी अँटीबॉडी दिल्यावर ताप लवकर उतरला, पण मेंदूच्या मलेरियातले मृत्यू कमी झाले नाहीत. उलट वाचलेल्यांत मेंदूची कायमची इजा जास्त दिसली. हे वाचल्यापासून नुसता आकडा खाली आणायच्या खटपटीची मला धास्तीच वाटते.

पपईचा रस म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. औषध लागू पडलं की प्लेटलेट बहुधा काही दिवसांत आपणहून चढतात. हिरड्यांतून रक्त, गुंगी, धाप, कावीळ यांतलं काही दिसलं तर मात्र रिपोर्ट बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

अँटीबॉडी टेस्टवर पैसे घालवू नका. अँटीबॉडी म्हणजे परजीवीविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं; मलेरिया बरा झाल्यावरही त्या कित्येक महिने रक्तात राहतात, त्यामुळे आत्ताचा की मागचा ते कळत नाही. कार्ड टेस्ट वेगळी, ती परजीवीचं प्रथिन शोधते. औषध चालतंय का हे बघायला पुन्हा स्मिअरच करा.

आणि यकृतात दडून बसलेले व्हायवॅक्स यातल्या कुठल्याच तपासणीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन देतात, त्याआधी जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एक एन्झाइम; ते कमी असेल तर या औषधाने पेशी फुटू शकतात) तपासतात. भावाच्या रिपोर्टमध्ये ही तपासणी दिसली नाही. केली आहे का?